रुमाल: डोक्यावरचा आणि दप्तरातला

नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी एका वयस्कर पाटलाला भर कचेरीत बोडकं केलं. मुद्दाम नव्हे. एका शब्दाचा एकच अर्थ मला ठाऊक होता आणि कचेरीत त्याचा दुसरा चालत होता, एवढंच. पण त्या पाटलाचं उघडं डोकं पाहिलं आणि माझ्या मागे जी चुळबूळ लागली, ती पुढची सात वर्षं सुटली नाही.

दुसरी मोठी लढाई सुरू होऊन दोनेक वर्षं झाली असतील. मी तेवीस वर्षांचा, लग्न झालेला. आमचं गाव कुरुंद्यापासून कोसभर आत. घरी शेती, हळदीचा वाफा, बैलांची एक जोडी. हिंगोलीला आत्तेभावाकडे राहून मी उर्दूतून शिकलो. मोगलाईत, म्हणजे हैदराबाद संस्थानात, सरकारी काम सगळं उर्दूतच चालायचं, आणि माझं अक्षर बरं होतं, म्हणून वसमतच्या तहसिलीत मला अहलकाराची, म्हणजे कारकुनाची, जागा मिळाली. आमच्या घरातून कचेरीत बसणारा मी पहिलाच. माय म्हणाली, "आता पाय जमिनीला लागू देऊ नको रं बाबा." काय म्हणायचं होतं तिला, तिलाच ठाऊक.

कचेरीत डोकं उघडं चालत नसे. गोंड्याची लाल रूमी टोपी मी नवी नव्हे, एका जुन्या कारकुनाकडून वापरलेली घेतली होती. ती कपाळाला काचत होती. मी सारखा ती मागे सारत होतो आणि ती सारखी पुढे येत होती.

तहसीलदारांपुढे कागद ठेवणारे पेशकार होते. त्यांनी मान वर न करता एका गावाचं नाव घेतलं आणि म्हणाले, "उसका रुमाल लाओ. जल्दी."

मी बाहेर आलो. त्याच गावची चार माणसं बांधाच्या तंट्यासाठी सकाळपासून ओसरीवर बसून होती. पुढे त्यांचा पाटील. साठीचा माणूस, डोक्याला पांढरा, बारीक लाल काठाचा रुमाल. आमच्याकडे रुमाल म्हणजे हाच, पुरुषाच्या डोक्याचा. नाक पुसायच्या फडक्याला आम्ही दस्ती म्हणतो. मला वाटलं, साहेबांपुढे उभं करायच्या आधी डोक्यावरचं उतरवून घ्यायची इथली रीत असेल, किंवा काहीतरी शिक्षा असेल. विचारायची हिंमत नव्हती.

"पाटील, तुमचा रुमाल द्या. साहेबांनी मागितलाय."

"माझा रुमाल?"

"व्हय."

"काहून?"

"मला काय ठाव. आत मागितलाय."

पाटील माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने हात वर नेले आणि एकेक वेढा सोडला. खाली बारीक कापलेले पांढरे केस होते, आणि कपाळावर जिथे रुमाल बसायचा तिथून वरची कातडी एकदम फिकी, लेकराच्या कातडीसारखी. त्याच्या मागचा एक तरणा माणूस उठायला लागला, तर पाटलाने त्याला हातानेच खाली बसवलं. बाकीचे जमिनीकडे बघत होते. पाटलाने रुमालाची मांडीवर घडी केली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली.

मी ती घडी पेशकारांच्या मेजावर नेऊन ठेवली. त्यांनी आधी घडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हसायला लागले. मग सगळी कचेरी हसली. मी पण थोडा हसलो. ते हसणं मला अजून आठवतं आणि आठवलं की मी जागेवरून उठतो, उगाच पाणी प्यायला जातो.

एकच माणूस हसला नाही. मागच्या खोलीतल्या दप्तरखान्याचे म्हातारे रखवालदार. सगळे त्यांना मुन्शीजी म्हणायचे. ते आले, मेजावरचा रुमाल त्यांनी उचलला आणि बाहेर गेले. मी त्यांच्या मागे.

"पाटील," ते स्वच्छ मराठीत म्हणाले, "हे पोरगं आज नवं आहे. कागदांचा रुमाल आणायला सांगितला होता, त्यानं तुमचा आणला. कसूर आमच्या कचेरीची आहे. माफ करा."

पाटलाने रुमाल घेतला आणि तो बांधायला लागला. वेढा दोनदा सुटला. मुन्शीजी छातीवर हात ठेवून त्याचं बांधून होईपर्यंत उभे राहिले. म्हणून मीही राहिलो.

मग त्यांनी मला दप्तरखान्यात नेलं. भिंतीला लागून फळ्या, आणि फळ्यांवर लाल कापडात बांधलेली गाठोडी. प्रत्येक गाठोडं एका गावाचं. "ह्याला रुमाल म्हणतात," ते म्हणाले. "चौकोनी कापड, चार टोकं, वर गाठ. आत एका गावाचे सगळे कागद. तुझं गाव कोणतं? हा बघ, तुझ्या गावचा रुमाल."

मी म्हणालो, "मुन्शीजी, मग खरा रुमाल कोणता?"

हा प्रश्न त्यांना आवडला असावा. त्यांनी चटईवर बसायला जागा करून दिली. त्यांना फारसी येत होती. अशी फारसी येणारी माणसं तेव्हा आमच्या भागात अजून होती, पण त्यांना विचारणारं कोणी उरलं नव्हतं.

"रू म्हणजे चेहरा. तुम्ही म्हणता ना, रूबरू भेटलो? ते रू. आणि माल म्हणजे पुसणारं, चोळणारं. मालिश त्यातलंच. रू-माल. तोंड पुसायचं कापड. तिकडून निघाला तेव्हा एवढाच होता." त्यांनी पंजा उघडून दाखवला. "वाटेत वाढत गेला. कोणी त्यात कागद बांधले, कोणी भाकरी. तुझ्या लोकांनी डोक्यावर चढवला."

"आणि दस्ती?"

"दस्त म्हणजे हात. हातात राहते ती दस्ती." मग म्हणाले, "आज त्या पाटलाचं तू काय काढून घेतलंस, ठाऊक आहे? अब्रू. हा शब्दही तिकडचाच. आब म्हणजे पाणी. आब-रू. चेहऱ्यावरचं पाणी."

त्या आठवड्याच्या सुट्टीला घरी जाताना चार कोस चालत मी हे शब्द घोळवत होतो. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. ज्याच्या त्याच्या अंगावरच्या कपड्याचं नाव मला टोचायला लागलं. सदरा कुठला, पायजमा कुठला, इजार कुठली? आपण घातलेलं सगळंच कुठून तरी आलेलं. मग आपलं काय?

आम्ही वडलांना दादा म्हणायचो. ते ओट्यावर बसून दोर वळत होते. मी मोठ्या हुशारीने त्यांना रू आणि माल सांगितलं.

दादांचे हात थांबले. "तोंड पुसायचं फडकं? मंग इतक्या पिढ्या आमी डोक्याला फडकं बांधून राहिलो व्हय?"

"फडकं न्हाई दादा, शब्द तसा हाय—"

"समजलं."

दुसऱ्या दिवशी ते बोडक्याने शेतात गेले. माय घाबरली. गावात माणूस बोडका दिसला की लोक विचारतात, कोण गेलं? तीन दिवस ते तसेच वावरले. चौथ्या दिवशी रुमाल पुन्हा डोक्यावर आला, पण माझ्याशी बोलणं नाही. पुढच्या आठवड्यात मी घरी गेलो तेव्हा बैलांना पाणी पाजता पाजता, माझ्याकडे न बघता म्हणाले,

"शब्द कुठून आला ते तुझा मुन्शी सांगंल. डोक्यावर कसा आला ते मी सांगतो. माझा बाप मेला तव्हा मी सतरा वर्षांचा. तेराव्याला गावानं मला पाटावर बसवलं आन् माझ्या मामानं डोक्याला रुमाल बांधला. बांधला की सारे उठून गेले. मी घराचा मोठा झालो. रडायला आलं तर तोंड कशानं पुसलं आसंल मी? तुझ्या मुन्शीला सांग, दोनी बराबर हाय."

मी मुन्शीजींना सांगितलं. "तुझ्या वडलांना एकदा घेऊन ये," म्हणाले. मी कधी नेलं नाही. वाटायचं, ते दप्तरखान्याच्या दारात चपला काढून अंग चोरून उभे राहतील आणि मला ते बघवणार नाही.

त्या वर्षांत माझी दोन डोकी झाली होती. कचेरीची सुट्टी शुक्रवारची; गुरुवारी दुपारी वसमत सोडलं की गावाबाहेरच्या ओढ्यावर मी टोपी काढून पिशवीत घालायचो आणि रुमाल बांधायचो. शनिवारी सकाळी तिथेच रुमाल सोडून टोपी घालायचो. गावातली पोरं म्हणायची, "आला टोपीवाला." कचेरीत पेशकार म्हणायचे, "आमचा रुमालवाला." कुठेच डोकं नीट बसत नव्हतं. रात्री झोपलं तरी कपाळावर काहीतरी आवळल्यासारखं वाटायचं. बायको म्हणायची, "अवो, डोक्यावर काहीच न्हाई तुमच्या, काय चाचपून राहिलात?"

मग ते शेवटचं वर्ष आलं. इंग्रज गेले, पण आमचं काय व्हायचं ते ठरेना. हैदराबाद वेगळं राहणार असं कोणी म्हणे, हिंदुस्थानात जाणार असं कोणी म्हणे. खाकी कपडे घातलेली टोळकी लाठ्या घेऊन बाजारात फिरायला लागली. माणूस दिसला की आधी त्याच्या डोक्याकडे बघत. पांढरी टोपी असली तर धडगत नाही. रुमाल असला तर त्यांची मर्जी. लाल टोपीला कोणी अडवत नसे. त्यामुळे मला कोणी अडवलं नाही. टोपी काचत होती आणि मी ती खाली ओढून घेत होतो.

उन्हाळ्यात दादा बाजाराला आले होते. मी कचेरीत होतो, मला संध्याकाळी कळलं. दोघातिघांनी त्यांना घेरलं, एकाने लाठीच्या टोकाने रुमाल उडवला आणि दुसऱ्याने तो धुळीत पायाने ढकलत नेला. दादांनी मारामारी केली नाही. ते मागे मागे गेले, रुमाल उचलला, झटकला, पण डोक्याला बांधला नाही. काखेत धरून चार कोस उन्हात बोडक्याने घरी गेले.

आठ दिवसांत त्यांनी गाडी जुंपली. पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात माझी आत्या होती. माय, माझी बायको, आमचं वर्षाचं लेकरू, सगळ्यांना घेऊन ते निघाले. सगळा इलाखाच जणू निघाला होता.

"तू बी चल," दादा म्हणाले.

"नोकरी हाय, दादा."

"नोकरी." एवढंच म्हणून त्यांनी बैलांना हाक मारली.

मी का राहिलो? नोकरी हे कारण खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. जायचं ठरवलं की राहावंसं वाटे आणि राहिलं की पाय उचलत. रिकाम्या घरात मी एकदा गेलो तर चुलीपाशी मुंग्यांनी वारूळ केलं होतं. परत वसमतला आलो. दिवसभर दप्तरखान्यात मुन्शीजींजवळ बसायचो. त्यांची बीबी वारली होती, एकुलती लेक कुरुंद्यात दिली होती. खाकीवाली पोरं एकदा त्यांच्याकडेही आली. आमच्याबरोबर का फिरत नाही, म्हणून विचारायला लागली.

"म्हाताऱ्या, तू कोणाचा?" एकाने दरडावून विचारलं.

"ह्या कागदांचा," मुन्शीजी म्हणाले. "सगळ्या गावांचे आहेत. तुझ्याही गावाचे आहेत. बघायचे?"

पोरं शिव्या देत गेली. मुन्शीजी गाठी तपासायला लागले, एक सोडायची, पुन्हा बांधायची. त्यांनाही बसवत नव्हतं.

पावसाळा संपत आला आणि हिंदुस्थानची फौज आली. चार-पाच दिवसांत सगळं झालं. वसमतमध्ये लोक नाचले, गुलाल उधळला. मीही गुलालात होतो आणि खरंच आनंदात होतो. माझी टोपी मी आदल्याच दिवशी फळीवरच्या रुमालांमागे कोंबली होती. दुसऱ्या दिवशी सबंध गावात एक लाल टोपी दिसेना. तिसऱ्या दिवशी खेड्यांतून बातम्या यायला लागल्या. आता दुसरी टोळकी फिरत होती. कुऱ्हाडी, काठ्या. तीही आधी डोक्याकडेच बघत होती, मग दाढीकडे.

कचेरी बंद होती. मुन्शीजी कुठे दिसेनात. मी मागच्या दाराने दप्तरखान्यात गेलो तर ते आतून कडी लावून बसले होते. दोन दिवसांचे उपाशी. मी भाकरी आणली. त्यांनी अर्धी खाल्ली.

"लेकीचं काही कळलं?" त्यांनी विचारलं.

मला काही ठाऊक नव्हतं.

"मला कुरुंद्याला जायचं आहे. चालत जातो."

"मुन्शीजी, रस्त्यात—"

"ठाऊक आहे रस्त्यात काय आहे."

मी त्यांना थांबायला सांगितलं आणि घराकडे निघालो. मला आशा होती की वऱ्हाडात गेलेले लोक परतू लागलेत तर आमचेही आले असतील. आले होते. दादा गोठ्यात शेण काढत होते. मी धापा टाकत सगळं सांगितलं आणि गाडी मागितली.

दादा खाली बघून शेण ओढत राहिले. मी त्यांच्या डोक्याकडे पाहिलं. बाजारातल्या त्या दिवसापासून त्यांनी रुमाल बांधला नव्हता, माय मागून मला म्हणाली. वऱ्हाडातही नाही. आत्याने नवा दिला, तो तसाच घडीत होता.

"त्याच लोकान्ला मी गाडीत बसवू?" दादा म्हणाले.

"त्यांनी काही केलं न्हाई, दादा."

"मी काय केलतं?"

मी उभाच राहिलो. काही वेळाने ते हात धुऊन आले, घरात गेले, तो नवा रुमाल घेऊन आले आणि डोक्याला बांधला. आपला जुना, धुळीत पडलेला, मायने धुऊन ठेवलेला रुमाल काखेत घेतला. "चल. बैलं मी हाकतो. तुला हाकता येत न्हाई धड."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कचेरीच्या मागे गाडी लावली. दादा आणि मुन्शीजी पहिल्यांदा एकमेकांसमोर आले. दोघांनीही नुसती मान हलवली. दादांनी सोबत आणलेलं धोतर पुढे केलं. मुन्शीजींनी ते हातात घेतलं, मग खाली ठेवलं.

"साठ वर्षं जे कपडे घातले ते आता जिवासाठी बदलू?"

"लेकीसाठी बदला," दादा म्हणाले.

मुन्शीजी आत गेले आणि धोतर गुंडाळून आले. कासोटा चुकीचा होता, दादांनी तो नीट खोचून दिला, लग्नातल्या नवऱ्याचा खोचतात तसा. मग प्रश्न दाढीचा. पांढरी, आखूड, पण दाढीच. मी म्हणालो, काढून टाकू. मुन्शीजींनी दाढीवर हात ठेवला.

दादांनी जुना रुमाल झटकला. कोपऱ्याला कोपरा लावून तिरपी घडी घातली, एक वेढा डोक्याभोवती घेतला आणि दुसरा हनुवटीखालून वर नेऊन कानाशी गाठ मारली. दाढदुखीत बांधतात तसा. दाढी आत गेली, तोंड निम्मं झाकलं.

"दाढ सुजली हाय तुमची," दादा म्हणाले. "बोलायचं न्हाई. इव्हळायचं फकस्त."

गाडी निघाली. दोन्ही बाजूंना ज्वारी डोक्याएवढी झालेली, मधूनच हळदीची हिरवीगार पानं, रस्त्यात चिखल. त्या हिरव्या रानातून कोणीतरी बाहेर येईल असं सारखं वाटत होतं. मी गाडीच्या दांडीवर बसलो होतो, दर घटकेला उतरत होतो, चालत होतो, पुन्हा चढत होतो. दादा म्हणाले, "एका जागी बस. बैलं बुजून राहिलीत तुझ्यानं."

दुपारी, कुरुंदा अर्ध्या कोसावर असताना, ओढ्याच्या उतारावर सहा-सातजण पुढे आले. हातात कुऱ्हाडी. त्यातला एकजण माझ्या ओळखीचा होता. शेजारच्या गावचा. आम्ही एका जत्रेत कुस्ती खेळलो होतो. त्यानेही मला ओळखलं.

"कोण हाय ह्यो?"

"मामा हायत माझे," मी म्हणालो. "दाढ सुजली. कुरुंद्याला औषधाला चाललो."

"मामा? तुझा मामा कवाच मेला की."

खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्या मनात आलं, गाडीतून उडी मारून ज्वारीत शिरावं. मुन्शीजी डोळे मिटून बसले होते. त्यांचे ओठ रुमालाआड हलत असावेत, कापड हलताना दिसत होतं.

"सोडा ह्याचा रुमाल. बघू तोंड," दुसरा एकजण पुढे झाला.

दादांनी कासरा सोडला आणि खाली उतरले. चाकाला पाठ लावून गाडीसमोर उभे राहिले.

"रुमाल सोडायचा आसंल तर ह्यो आधी सोडा," म्हणाले, आणि डोकं पुढे केलं. "म्हाताऱ्याचा रुमाल उतरवायला लई मर्दुमकी लागती. उन्हाळ्यात माझा उतरवला दोघांनी. लाठीनं. तुमी कुऱ्हाडीनं उतरवा. लावा हात."

कोणी हात लावला नाही. पण कोणी बाजूलाही झालं नाही. कितीतरी वेळ असंच. एक बैल मुतला, त्याचा आवाज येत राहिला. मग त्यांतला सगळ्यांत वयाने मोठा माणूस ओढ्यात थुंकला आणि म्हणाला, "जाऊ द्या रं. दोनी म्हातारे मरायलाच टेकलेत." एकजण हसला. ओळखीचा तो मात्र हसला नाही, माझ्याकडे टक लावून बघत राहिला. गाडी पाण्यात उतरली, पाणी चाकाच्या आसापर्यंत आलं, आणि आम्ही पलीकडे गेलो. मी मागे वळून पाहिलं नाही. दादांनीही नाही.

मुन्शीजींच्या लेकीच्या घराला कुलूप होतं. दार फोडलेलं नव्हतं, एवढाच दिलासा. शेजारच्या बाईने हळूच सांगितलं, वस्तीतल्या बायका-पोरांना एका मोठ्या शेतकऱ्याने आपल्या गढीत घेतलंय. तिथे गेलो. दारात दोन माणसं काठ्या घेऊन होती. मुन्शीजी गाडीतून उतरले आणि त्यांना विसरच पडला की त्यांच्या तोंडाला रुमाल आहे. लेक आतून आली, तिने आधी ओळखलंच नाही. "कौन है?" म्हणाली. मग तिने गाठ सोडली.

तिचा नवरा वाचला होता, दीर नव्हता वाचला. हे आम्हाला तिथेच कळलं. मुन्शीजी भिंतीला टेकून बसले. दादा थोडा वेळ त्यांच्याशेजारी बसले आणि उठले, बैलांना वैरण टाकायची म्हणून. निघताना मुन्शीजींनी रुमाल परत द्यायला पुढे केला. दादा म्हणाले, "राहू द्या. लागंल." त्यांना तो कशाला लागणार होता, कोण जाणे.

थंडी पडेपर्यंत कचेरी पुन्हा सुरू झाली. नवे साहेब आले, हुकूम मराठीत यायला लागले. आता उर्दू वाचणाऱ्याचीच गरज पडायला लागली, कारण जुने कागद सगळे उर्दूत. दप्तरखाना माझ्याकडे आला. मी मुन्शीजींना बोलवायला दोनदा कुरुंद्याला गेलो. पहिल्यांदा ते म्हणाले, पुढच्या महिन्यात बघू. दुसऱ्यांदा म्हणाले, "बेटा, मला रस्त्यातून जाताना आता माणसांच्या हातांकडे बघायची सवय लागली आहे. अशा माणसानं कचेरीत बसू नये." ते लेकीच्या पोरींना शिकवायला लागले. बाजाराच्या दिवशी दादा कुरुंद्याला गेले की त्यांच्याकडे तासभर बसून येत. काय बोलता, म्हणून मी एकदा विचारलं. "काय बोलायचं? बसतो," म्हणाले.

मी टोपीही सोडली आणि रुमालही बांधेनासा झालो. बोडक्यानेच फिरायचो. मायला ते कधी आवडलं नाही.

त्याच हिवाळ्यात एका सकाळी दप्तरखान्याच्या दारात कोणीतरी उभं राहिलं. मी मान वर केली. ओढ्यावरचा तो, ओळखीचा. त्याला आपल्या शेताच्या जुन्या कागदाची नक्कल हवी होती. तो उंबऱ्याबाहेरच उभा होता.

"वळखलं न्हाई का?" म्हणाला.

"काम काय आहे?"

त्याने गावाचं नाव सांगितलं. मी कागद शोधला, उर्दूतून मराठीत नक्कल उतरवली. एक पान फाडून पुन्हा लिहिलं. एक एक शब्द दोनदा ताडून पाहिला. त्याच्या हातात कागद देताना मी त्याच्याकडे पाहिलं, आणि त्यानेही पाहिलं. त्याला काहीतरी बोलायचं होतं असं मला वाटलं. कदाचित नसेलही. त्याने कागद कमरेला खोचला आणि गेला.

हे मी दादांना सांगितलं नाही. मुन्शीजींनाही नाही. त्या दिवशी मी कचेरी सुटायच्या आधीच उठलो आणि खोलीवर न जाता स्टेशनपर्यंत चालत गेलो, रुळांच्या कडेने थोडा पुढे गेलो, आणि परत आलो.